सख्खी किडनी

लोणी चिडला की बर्फाच्या कारखान्यातले कामगार आधी आकडे लपवायचे. बर्फाची लादी ओढायला लाकडी मुठीचा, टोकाशी वाकवलेला लोखंडी आकडा लागतो, आणि तो ज्याच्या हातात असेल त्याच्याशी शहाणा माणूस हुज्जत घालत नाही. त्या सकाळी मात्र लपवायला कुणाला सवडच मिळाली नाही. पलीकडच्या कारखान्याचा ट्रक मुद्दाम फाटकात आडवा घातलेला होता आणि ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "थांबा की जरा. तुमचा बर्फ काय लगेच वितळून चाललाय?"

लोणीने दार उघडून त्याला गचांडी धरून खाली ओढलं. आकडा फिरला. तो ड्रायव्हरच्या बाहीत घुसला, बाहीतून दंडात आणि दंडातून ट्रकच्या लाकडी फळीत. खुंटीला शर्ट टांगावा तसा माणूस टांगला गेला. त्याच्या किंकाळीने बंदराच्या धक्क्यावरचे पक्षी उडाले, पण लोणीचा दुसरा हात थांबला नाही. तो ठोसे घालत राहिला, घाई नाही, गडबड नाही, लादी फोडावी तसे. एक दात जमिनीवरच्या बर्फाच्या चुऱ्यात पडला. पांढऱ्यात पांढरा, नंतर शोधूनही सापडला नाही.

लोणीची बायको शेडच्या कडेला गोणपाट शिवत बसायची. लाद्यांना गुंडाळायच्या खोळी शिवणं हे तिचं काम. दाभण हातात तसंच धरून ती धावली आणि तिने नवऱ्याच्या कमरेला मागून मिठी मारली.

"सोडा त्याला! मरेल तो!"

लोणीने मागे न बघता कोपर मारलं. ते तिच्या ओठावर बसलं.

"अहो, मी आहे, मी!"

"मग घरी जा!"

ऑफिसच्या दारात लोणीची मोठी बहीण उभी होती. कारखाना तिचा, म्हणून कामगारही तिला ताईच म्हणत. "पुरे रे आता," ती म्हणाली, पण ताटात आणखी वाढणाऱ्याला म्हणावं तसं.

ड्रायव्हरला फळीवरून सोडवून दोघातिघांनी उचलून नेलं. आणि कामगारांत तेच वाक्य पुन्हा फिरलं, जे गेले काही महिने फिरत होतं: "ताईची किडनी बोलली."

आता या वाक्याचा हिशेब द्यायला हवा. लोणी हे त्याचं टोपणनाव, लहानपणापासूनचं आणि मिळवलेलं. बोट कापलं तर सुरीची माफी मागेल असा माणूस. ताईचं नेमकं उलट. तिने एकदा दारू पिऊन आलेल्या ठेकेदाराला थंड खोलीत कोंडलं होतं आणि दाराला तोंड लावून विचारलं होतं, "शुद्ध आली का, की अजून गार करू?" एकाच्या पायावर तिने सबंध लादी सोडली होती, तो अजून त्या पायाने हवामान सांगतो. पलीकडच्या कारखान्याचा मालक, सगळे त्याला टकल्या म्हणत, तोसुद्धा ताईशी बोलताना टोपी काढायचा. टक्कल दाखवण्याची त्याला मोठी हौस होती असं नाही.

मग लोणीच्या दोन्ही किडन्या गेल्या. ताईने जराही आढेवेढे न घेता आपली एक काढून दिली. हे तिच्या जमेच्या बाजूला कुणीही लिहावं, भावजयीनेही लिहिलं होतं. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी भावा-बहिणीला समोर बसवून समजावलं. ताईला म्हणाल्या, "तुमच्याकडे आता एकच आहे. मारामारी, धक्काबुक्की बंद." लोणीला म्हणाल्या, "तुमचं शरीर या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडणार. म्हणून या गोळ्या. या तुमच्या अंगातली मारायची ताकद दाबून ठेवतील, जन्मभर."

"परकी कसली?" ताई फणकारली. "सख्खी आहे."

"शरीराला सख्खं-सावत्र कळत नाही, बाई."

गोळ्यांत एक पांढरी होती, स्टेरॉईड. सुरुवातीला भरपूर, मग हळूहळू कमी करायची. लोणी घरी आला तो गोल चेहरा, सुजलेले गाल आणि अंगात कुणी भट्टी पेटवल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात त्याने टकल्याच्या ट्रकची काच डोक्याने फोडली. धक्का चाट पडला. माणसं किडनीकडे बोट दाखवायला लागली: ताईची होती ना, ताईसारखीच निघाली. भावजयीलाही ते पटलं. दुसरं पटण्यासारखं होतं तरी काय? लोणीला तर ते फारच सोयीचं वाटलं. रात्री तो पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून म्हणायचा, "मी नाही गं, हीच ऐकत नाही."

पुढे पांढरी गोळी कमी होत गेली आणि लोणीही परत लोणी झाला. चपला ओळीत लावायला लागला. टकल्याचे ट्रक पुन्हा फाटकात आडवे यायला लागले. धक्क्यावर बोटींपर्यंत ट्रक न्यायला उतार एकच, याच फाटकातून जाणारा. ज्याचा ट्रक आधी लागेल त्याचा बर्फ आधी बोटींवर जातो आणि मागचा उभ्या उभ्या पाणी होतो, त्यामुळे या फाटकावर कारखाना जगायचा किंवा मरायचा. ताईला आकडा उचलायची बंदी. ती ऑफिसच्या खिडकीतून दात-ओठ खात बघायची.

आणि मग, काही कारण नसताना, किडनी पुन्हा बोलायला लागली.

या खेपेस तिने घरातही तोंड उघडलं. लोणीने आरसा फोडला, कारण त्यात स्वतःचा गोल चेहरा दिसला. दरवाजा बिजागरीतून उखडला, कारण तो कुरकुरला. बायकोने जेवताना "हळू" एवढंच म्हटलं, तर तिचं मनगट असं पिरगाळलं की आतून बारीक काडी मोडल्यासारखा आवाज आला. मग स्वतःच तिच्या मनगटाला फडकं बांधत हमसून हमसून रडला. "मला बांधून ठेव," म्हणाला. "एखाद्या दिवशी तुझा जीव घेईन मी." त्याच्या स्वतःच्या तळहाताला आकड्याने पडलेली चीर भरत नव्हती; कडा पांढऱ्या फटक पडल्या होत्या आणि दाबलं की पू यायचा.

डॉक्टरीणबाईंनी तो हात बघितला, रक्त तपासलं आणि चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "साखर एवढी कशी? गाल का उतरत नाहीत? मी लिहिलंय त्याहून जास्त गोळ्या घेताय?"

"मी स्वतः काढून देते," भावजय म्हणाली. तिच्यापुरतं ते खरंच होतं.

"मग मला समजत नाही. एक लक्षात ठेवा. कमी दाबलं तर शरीर किडनी फेकून देईल. जास्त दाबलं तर अशी चीर त्यांचा जीव घेईल."

ड्रायव्हरला फळीवर टांगलं त्याच दुपारी भावजय नवऱ्याला घरी न्यायला ऑफिसात गेली. ओठ सुजलेला, मनगट बांधलेलं, घशाला कोरड. लोणी नळाखाली हातावरचं रक्त धूत होता. टेबलावर त्याचा मोठा मग अर्धा भरलेला होता. या मगाला दुसरं कुणी हात लावत नसे. जंतू लागायला नकोत म्हणून ताईने तो वेगळा ठेवला होता आणि त्यातला चहा ती स्वतः करायची. धक्क्यावर त्याचं केवढं कौतुक! "एवढी मालकीण, पण भावाचा चहा स्वतः करते." लोणी अधूनमधून कुरकुरायचा, "ताई, कडू झालाय गं," आणि ताई म्हणायची, "उकळला जास्त. तुझ्या तोंडाला चवच नाही राहिली."

भावजयीने एक घोट घेतला.

साखर भरपूर होती. पण साखरेच्या मागून जिभेच्या मुळाशी एक कडवटपणा आला आणि तिथेच बसून राहिला. ती कडू चव तिच्या ओळखीची होती. हॉस्पिटलात लोणीचा घसा बुरशीने पांढरा झाला होता, गोळी गिळता येत नव्हती, तेव्हा ती दोन चमच्यांमध्ये पांढरी गोळी चुरडायची. एकदा बोट चाटलं होतं, तर संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा कडू लागलं होतं.

तिने लोणीला बाहेर ट्रकपाशी थांबायला सांगितलं आणि ऑफिसचं दार आतून लावलं.

"ताई, यांच्या चहात काय घालता?"

"साखर. तुला हवी का?"

"साखर कडू नसते."

ताईने नाकारलं नाही. खोटं बोलणं तिला कमीपणाचं वाटायचं. तिने सरळ साखरेचा डबा उघडून आतलं गोळ्यांचं पाकीट टेबलावर टाकलं.

"जुनीच गोळी आहे, डॉक्टरांच्याच जुन्या चिठ्ठीवर आणलेली. कमी झालेली मी फक्त पुन्हा वाढवली. विष घातल्यासारखी बघू नकोस."

"म्हणजे तो राग..."

"राग गोळीचा. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गोळी उतरली की हा उतरायचा."

"आणि लोकांना किडनी सांगितलीत?"

"मी कुठे सांगितली? लोकांनीच ठरवलं. मी नाही कशाला म्हणू?"

"त्यांचा हात बघितलात? पू येतोय. साधी चीर जीव घेईल म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"आणि टकल्या काय घेईल, ते कोण सांगणार? तू? उतार गेला की कारखाना गेला. मग त्याची औषधं कुठून आणशील, गोणपाट शिवून?"

"नवरा आहे तो माझा. फाटकावर बांधायचा कुत्रा नाही."

"तुझा नवरा श्वास घेतोय तो कुणाच्या जिवावर?" ताई उठून जवळ आली. "किडनी माझी आहे."

"दिलेली वस्तू परत मागतात का?"

"परत कुठे मागते? वापरतेय."

भावजयीने चहाचा मग उचलून भिंतीवर फोडला. ताईने शांतपणे तिचं बांधलेलं मनगट धरलं आणि मूठ आवळली, इतकी की भावजयीच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. "हे बाहेर गेलं ना," ताई कानाशी म्हणाली, "तर ड्रायव्हरच्या दंडाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न निघेल. माझी निघेल. मी तुरुंगात गेले तर तुझा लोणी या धक्क्यावर किती टिकेल? घरातलं घरात ठेव."

इथे भावजयीचं गणित चुकलं. नवऱ्याला सांगावं, तर गोळी अंगात असताना तो ताईचं काय करेल याची तिला खात्री होती. शेडभर आकडे हाताशी होते. डॉक्टरीणबाईंना सांगावं, तर घर चव्हाट्यावर. म्हणून तिने कुणालाच न सांगता रोगाचं मूळ तोडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती घरून थर्मास आणायला लागली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरचा चहा बंद." जंतूंना भिणारा लोणी गुपचूप तोच प्यायला लागला. नळ बंद केला की पाणी थांबतं, इतकं साधं तिला वाटलं.

पहिले दिवस तर तिला वाटलं आपण जिंकलो. लोणीने आरशाची नवी काच आणली. तिच्या मनगटावर फुंकर घालत म्हणाला, "आज ही गप्प आहे बघ." मग त्याची भूक गेली. उलट्या सुरू झाल्या. जिना चढताना तो मध्येच बसायला लागला, ओठ राखाडी, अंग गार. भावजय मनाशी म्हणायची, ताईने घातलेलं उतरतंय. ताई खिडकीतून भावाची लटपटती चाल बघायची आणि भावजयीकडे असं बघायची की दाभणालाही घाम फुटावा.

लोणी गळाठलाय हे टकल्याला कळायला वेळ लागला नाही. भर दुपारी तो आला, सोबत दोन जावई. जावयांना त्याने चांगलं खाऊ-पिऊ घातलेलं दिसत होतं. एकाच्या हातात पहार, दुसऱ्याच्या हातात साखळी. आज टोपी डोक्यावरच होती.

"बाई, आमच्या माणसाचा दंड भरत नाहीये," टकल्या म्हणाला. "तुमच्या भावाचा एक हात घेऊन जातो. फिटंफाट."

कामगार भिंतीला चिकटले. ताईने शेडकडे तोंड करून हाक मारली, "ये रे बाहेर!"

लोणी बाहेर आला. हाताची पट्टी पुवाने पिवळी, त्याच हातात आकडा. चार पावलं चालला. मग त्याने आकड्याकडे असं बघितलं, जणू हा आपल्या हातात कुणी दिला तेच आठवत नाही, आणि गुडघे मुडपून तो बर्फाच्या चुऱ्यात कोसळला. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते.

मोठा जावई हसला आणि त्याने साखळी फिरवली. पहिला फटका लोणीच्या खांद्यावर पडला, दुसरा कानावर. कान फाटला. साखळी तिसऱ्यांदा वर गेली आणि तिथेच अडकली, कारण ताईने खाली पडलेला आकडा उचलून तिच्यात घातला होता. तिने साखळीसकट जावयाला खेचलं आणि कपाळाने त्याचं नाक चेपलं. महिन्यांची बंदी एका क्षणात मोडली. आकडा त्याच्या गालात शिरला आणि दातांवर कचकचला. ती ओरडत नव्हती. तिच्या तोंडून नुसता हुं हुं असा आवाज येत होता, जड लादी ढकलताना येतो तसा. धक्क्यावरचे सगळे बघत होते, आणि जुन्या कामगारांना त्यात काहीच नवं दिसलं नाही. ताईचा राग कुठेही गेला नव्हता. तो जिथल्या तिथे होता.

धाकट्या जावयाने पहार उचलली ती लोणीच्या पोटावर, उजव्या बाजूला. ताईने ते बघितलं. गालात अडकलेला आकडा सोडून ती भावावर पालथी पडली, जिथे तिची किडनी होती तिथे स्वतःचं पोट टेकवून. पहार तिच्या कमरेवर उतरली. मग दुसऱ्यांदा, त्याच जागी. आवाज ओल्या पोत्यासारखा आला.

तिसऱ्यांदा उतरली नाही. भावजयीने दाभण जावयाच्या मांडीत मुठीपर्यंत घातलं होतं. गोणपाटाचे आठ पदर एका दमात शिवणारा तो हात. मांडीत काय एवढं? तिने दाभण बाहेर ओढलं आणि पुन्हा घातलं. आणि पुन्हा. जावई पहार टाकून लंगडत पळाला, तरी ती हवेत एकदा टोचून गेली. मग कामगारांना आपल्याला हातपाय असल्याची आठवण झाली. टकल्याची टोपी पडली ती त्याने उचललीसुद्धा नाही.

हॉस्पिटलात भावजयीने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं, कारण दोन स्ट्रेचर दोन दिशांना चालले होते.

"एकदम बंद केलात?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "इतके महिने स्टेरॉईड बाहेरून मिळालं की शरीर ते स्वतः बनवायचं सोडून देतं. हळूहळू उतरवायचं असतं. त्यांच्या अंगात उभं राहण्यापुरतंही उरलं नाही." आणि नर्सला त्यांनी सुईने तेच औषध चढवायला सांगितलं, ज्याला भावजय इतके दिवस विष समजत होती. तासाभरात लोणीच्या ओठांना रंग आला. किडनी वाचली. हाताची जखम कापून साफ करावी लागली, एक बोट गेलं.

ताईची राहिलेली किडनी आतून फुटली होती. ती काढावी लागली.

पोलिसांनी जबाब घेतले. धक्क्यावर भर दुपारी कुणीही काहीही बघितलं नव्हतं. ड्रायव्हरचा दंड एका बाजूला आणि ताईची कमर दुसऱ्या बाजूला ठेवून टकल्याने प्रकरण मिटवलं. उतार आता दिवसाआड वाटून घेतात. हे आधीही सुचण्यासारखं होतं.

लोणी शुद्धीवर आल्यावर बायकोने त्याला चहाचं सांगितलं. त्याने पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला.

"म्हणजे ही नव्हती?"

"नाही. ही फक्त लघवी गाळते."

"मग त्या माणसाला फळीला... आणि तुझं मनगट."

"औषध होतं ते."

"हात तर माझाच होता की गं," लोणी म्हणाला आणि उशीत तोंड खुपसलं. बायकोने पाठीवर हात ठेवला, पण नाही म्हटलं नाही.

ताई आता आठवड्यातून ठरल्या दिवशी डायलिसिसला बसते. दंडातून रक्त बाहेर जातं, मशीनमधून धुऊन परत येतं, आणि तेवढा वेळ ती नर्सना कारखाना कसा चालवावा हे सांगत असते. दुसरी किडनी मिळेल का ते बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मिळाली तर मग याच गोळ्या, हाच पांढरा डोस. हे ऐकलं तेव्हा लोणी आणि त्याच्या बायकोने एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आज लोणीला ड्रायव्हरच्या घरी जायचं होतं. जवळजवळ रोजच जातो. ड्रायव्हर दार उघडत नाही, तरी हा जातो. म्हणून ताईपाशी भावजय बसली. तिने थर्मास उघडून डॉक्टरांनी मोजून दिलेला अर्धा कप चहा ओतला आणि पुढे केला.

ताईने कप घेतला. नाकाशी नेला. मग तो तसाच भावजयीपुढे धरला.

"आधी तू पी."

भावजयीने तिच्याकडे बघितलं. मग कप घेऊन एक घोट प्याली, जीभ टाळ्याला लावून चव घेतली आणि कप परत दिला.

"कडू नाही," ती म्हणाली.

"बघते," ताई म्हणाली, आणि प्यायली.